शांतवनचा हिरा आणि सलोमीबाईची कोंबडी

आमच्या गावात कोट घालणारी माणसं दोनच. एक तालुक्याचा कारकून, तो वसुलीपुरता यायचा. दुसरा शांतवन, तो कुठं जायचाच नाही. त्याचा कोट मिशनच्या पेटीतून आलेला, विलायतेतल्या कुण्या धिप्पाड माणसाचा. शांतवन त्यात असा बुडालेला असायचा की वैशाखात आडत दुकानापुढून निघाला की शरणबसप्पा गादीवरून हाक मारायचा, "पादरीबुवा, कोट काढा की जरा. आत तुमी हाय का न्हाय ते तरी बघू द्या."

शांतवन हसायचा. तेव्हा तो हसायचा.

खरं तर तो पादरी नव्हता. पादरी सोलापूरकडून वर्षातून एखादवेळा यायचे. शांतवन सुवार्तिक, म्हणजे गावातली मिशनची माणसं सांभाळायची, रविवारी उपासना घ्यायची, पोरांना बाराखडी शिकवायची आणि मेलेल्यांना माती द्यायची. तेरच्या अलीकडं तेरणा नदीच्या काठाला आमचं गाव. मांगवाड्यातली काही घरं माझ्या आज्याच्या काळात मिशनमध्ये गेलेली. त्यांचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, वर लाकडी क्रूस, दारात टांगलेला बार्शी लाईनच्या आगगाडीच्या रुळाचा तुकडा. तो तुकडा गावात कसा आला हे कुणी विचारायचं नाही. रविवारी शांतवन त्याच्यावर हातोडी मारायचा आणि गावातल्या सगळ्या धर्मांची कुत्री एकदम भुंकायची.

शांतवनची बायको सलोमीबाई. गाव तिला सलुमबाई म्हणायचं. मिशनच्या दवाखान्यात चार वर्षं राहून ती बाळंतपणं शिकून आलेली. आता गंमत बघा. गावच्या विहिरीवर तिच्या घागरीला जागा नव्हती. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला, चावडीवरच्या पाट्या बदलल्या, पण विहिरीच्या काठावरचा कायदा जुनाच. वर उभं राहून कुणी पाणी ओतलं तर खाली घागर धरायची. आणि त्याच बायकांच्या घरात पोटात दुखायला लागलं की सलुमबाईला बोलवायला माणूस पळत जायचा. शरणबसप्पाची बायको नीलम्मा हिची सगळी पोरं तिच्याच हातात पडली. शरणबसप्पा बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचा आणि अंगणात पाणी शिंपडून घ्यायचा. हे मी पाठीमागं बोलत नाही, त्याच्या तोंडावर बोललो होतो. तो म्हणाला, "तुला काय कळतंय? पाणी धुळीसाठी असतंय."

आता हिऱ्याचं सांगतो.

शांतवन लहान असताना मिशनमध्ये एक मिसबाई होती. तिच्या बोटात अंगठी, अंगठीत हिऱ्याचा बारका खडा. ती पोरांना गोळा करून सांगायची की हा खडा एकेकाळी कोळसा होता. देवानं त्याला जमिनीच्या पोटात घातलं, वर डोंगर ठेवले, खाली विस्तव लावला आणि दाबत राहिला. कोळसा रडला असंल, पण देवानं हात काढला नाही. शेवटी हा निघाला. मिसबाई पुढं मायदेशी गेली. अंगठी घेऊन गेली, गोष्ट तेवढी ठेवून गेली.

शांतवनला ती पुरली. कुणाचा बैल मेला, कुणाचं घर जळालं, कुणाला चावडीवर जोड्यानं मारलं, की शांतवन कोट सावरत उभा राहायचा आणि सांगायचा, "देव उगी दाबत न्हाय. ज्याचा हिरा करायचा त्यालाच दाबतो." माणसं डोळे पुसून घरी जायची. मी स्वतः दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा तसाच घरी गेलोय, आता कशाला खोटं बोलू.

शरणबसप्पाच्या दुकानात मात्र ह्या हिऱ्याची रोज उलटतपासणी.

"पादरीबुवा, तुमच्या देवानं जग किती दिवसांत केलं?"

"सहा."

"झाडं कवा केली?"

"तिसऱ्या दिवशी."

"बरं. झाड वाढायचं, मरायचं, गाडलं जायचं, त्याचा कोळसा व्हायचा, कोळशाचा हिरा व्हायचा. शनवारच्या आत बसतंय का हे सगळं? आमची तर तूर बी तयार होत न्हाय."

"अप्पा, देवाचा दिवस तुमच्या दुकानाएवढा असतो व्हय? सकाळी फळी काढली, सांजला लावली?"

दुकानातली माणसं हसायची. शरणबसप्पा खूश होऊन त्याला गुळाचा खडा द्यायचा. हातात नाही, कागदावर ठेवून.

शांतवनची तीन लेकरं गेली. थोरला देवीत गेला. त्याच्या मातीला शांतवन स्वतः हिऱ्याचं बोलला. उभा राहून, सरळ आवाजात. गाव म्हणालं, काय माणूस आहे! दुसरा पोरगा पटकीत गेला, तेव्हाही बोलला, आवाज जरा हलला. मग राहिली एस्तेर. सात वर्षांची, बोलकी, आईच्या मागं मागं बाळंतिणींच्या दारात जाऊन बसायची आणि आत काय चाललंय ते रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायची. गावाच्या बातम्या माझ्याआधी तिला कळायच्या, आणि तेवढ्यापुरतं आमचं वैर होतं. तिला घशाचा आजार झाला. गाडी जुंपून धाराशिवला नेईपर्यंत येडशीच्या वाटेतच संपली.

देवळामागं ओढ्याच्या कडेला हिवराची झाडं आहेत, तिथं त्यांची मसणवटी. दोन बारक्या मातीच्या ढिगांशेजारी तिसरा खड्डा. शांतवन उभा राहिला. तोंड उघडलं, "देव उगी दाबत न्हाय..."

सलोमीबाई खाली बसलेली होती. तिनं वर बघितलं.

"थांबा," ती म्हणाली. "तिघं झाली दाबून. एक तरी हिरा दाखवा मला."

तिनं खड्ड्याच्या कडेची माती मुठीत घेतली.

"तुमच्या देवानं केलेला, दाबून केलेला, एक दाखवा. हरभऱ्याएवढा असला तरी चालंल. त्या दिवशी येते देवळात. तवर मला बोलवू नका."

तिनं मूठभर माती टाकली आणि घरी गेली. त्यानंतर रुळाचा तुकडा वाजला की सलोमीबाई दारात बसून तांदूळ निवडायची. देवळाचं दार आणि तिच्या घराचं दार समोरासमोर. शांतवन उपासना घ्यायचा तो तिच्याकडं तोंड करून. ज्याला घरातली बायको ऐकत नाही त्याचं प्रवचन दुसऱ्यानं का ऐकावं? बाकं हळूहळू रिकामी व्हायला लागली. पण त्याला बाकांचं काही नव्हतं. त्याला एकच पाहिजे होतं, तिनं समोरचा रस्ता ओलांडून यावं.

विहिरीचं निघालं ते त्याच साली. मिशनच्या माणसांनी ठरवलं, देवळाच्या आवारात आपली विहीर पाडायची, खाली घागर धरायची नको आणि वर बघायचं नको. सगळ्यांनी हातानं खणलं. माती संपली, मुरूम संपला, खाली काळा कातळ लागला. मग सुरुंग लावायला तेरखेड्याहून दादामियाँ आला.

दादामियाँचं घराणं फटाक्यांचं. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी. ती कशी गेली ते तो दरवेळी नवीन सांगायचा. मला सांगितलं तेव्हा रझाकारांनी तोडली होती, शरणबसप्पाला सांगितलं तेव्हा मगरीनं. तेरणेत मगर! असो. माणूस कामाचा पक्का. छिद्र पाडायचा, दारू ठासायचा, वात लावून "हटो" म्हणून ओरडत सुटायचा. कातळ फुटायचा, पाणी मात्र लागत नव्हतं. खाली खाली जात राहिले, तरी सगळं कोरडं ठक्क.

एका दुपारी सुरुंग उडाला, धूर बसला आणि दादामियाँ खालूनच किंचाळला. आम्हाला वाटलं तिसरं बोट गेलं. काठावरून वाकून बघतो तर काळ्या कातळात रांजणाच्या तोंडाएवढं भोक पडलेलं. त्यात ऊन शिरलं होतं आणि आतून नुसती आग लागल्यासारखं चमकत होतं. आतल्या सगळ्या अंगाला खडेच खडे, टोकदार, पाण्यासारखे नितळ.

"शांतवनभाई," दादामियाँ खालून म्हणाला, "तुमचा खुदा हितं हिरे लपवून बसला होता की!"

त्यानं एक ढेकूळ काढून वर पाठवलं. नारळाएवढं, बाहेरून काळं, आतून खडे. शांतवननं ते दोन्ही हातांत घेतलं. कुणीतरी धावत जाऊन फुटका आरसा आणला. खड्यानं काचेवर रेघ ओढली. काचेला चर पडला. मग काय विचारता! काच कापतो तो हिरा, एवढं रत्नशास्त्र गावात सगळ्यांना येत होतं. शरणबसप्पा उघडं दुकान टाकून आला, आणि तो असा की स्वतःच्या वरातीतसुद्धा दुकानाची किल्ली कमरेला होती.

 शांतवननं ढेकूळ घेऊन रस्ता ओलांडला आणि घराच्या उंबऱ्यावर ठेवलं. सलोमीबाई सूप बाजूला ठेवून बघत राहिली. एका खड्यावर बोट फिरवलं, चटका बसल्यासारखं मागं घेतलं, परत फिरवलं.

"दाबून झालं हे?"

"कातळाच्या पोटात होतं, सलोमे. केवढा कातळ त्याच्यावर होता बघ."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "येते."

आता एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण शांतवन पडला नेमाचा माणूस. त्यांच्यात पहिल्या फळाचा सण असतो. सुगी झाली की शेतातलं, अंगणातलं पहिलं उत्पन्न आणून वेदीपुढं ठेवायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, करडं, कोंबड्या. उपासना झाली की तिथंच त्याचा लिलाव. बाहेरच्यांनाही मुभा असायची, म्हणून तर मी जायचो. कोंबडी स्वस्त पडायची आणि बातम्या फुकट. ह्या लिलावाचा एक दंडक, वेदीवर ठेवलेली वस्तू परत नेता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. कुणीतरी काहीतरी देऊन ती सोडवलीच पाहिजे.

शांतवननं ठरवलं, विहिरीचं पहिलं पीक म्हणजे पाणी. ते लागलं नाही, हे लागलं. तेव्हा हेच वेदीवर जाणार. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आधी सराफाला दाखव. तो म्हणाला, "देवाच्या आधी सराफाला?"

सणाच्या दिवशी देऊळ ओसंडून गेलं. भोपळ्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधोमध ते ढेकूळ, दारातून येणाऱ्या उन्हात. शरणबसप्पा नवं उपरणं घालून पहिल्या बाकावर. दादामियाँ हात बांधून, बोटं लपवून भिंतीला. आणि शेवटच्या बाकावर सलोमीबाई, मांडीवर तिची तांबडी कोंबडी पाय बांधून. बऱ्याच महिन्यांनी ती आत आलेली. शांतवनचा कोट त्या दिवशी त्याला बरोबर बसल्यासारखा वाटत होता.

पाहुणा होता गफारमास्तर. मूळचा गावचाच, हैदराबादेत शिकलेला, धाराशिवच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. मिशनची पोरं त्याच्याकडं शिकायची, म्हणून त्याला मान. शांतवननं हिऱ्याचं सगळं प्रवचन सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मी अडाणी माणूस. गफारसाहेब, तुमी सांगा मंडळींना, हे काय हाय."

गफारमास्तर उठला. ढेकळाकडं बघितलं, मग खाली.

"फार सुंदर चीज आहे, शांतवनराव," तो म्हणाला. "नशीबवान माणसालाच असं सापडतं." आणि बसायला लागला.

"बसू नका. हिरा हाय म्हणून तेवढं सांगा."

"आपण नंतर बोलू ना, घरी."

"घरी कशाला? देवाच्या घरात बोला की."

मी शरणबसप्पाकडं बघितलं. त्याची मूठ उपरण्यावर घट्ट झाली होती. गफारमास्तरनं घसा साफ केला. त्याचा नाइलाज झाला होता.

"हिरा नाही. गार आहे ही. स्फटिक. चांगली आहे, पण गारच."

"काच कापली आमी!"

"गारेनंही काच कापते, दादामियाँ."

कुजबुज झाली. एक कोंबडी कलकलली.  मला वाटलं शांतवन आता पडतो. पण त्यानं दुसरी वाट धरली.

"असंल गार. हिरा लहान, गार मोठी. पण देवानं दाबूनच केली ना?"

त्याची नजर गफारमास्तरवर नव्हती. शेवटच्या बाकावर होती. गफारमास्तरनं एक हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, म्हण रे बाबा, हो म्हण. पण मास्तरकी वाईट असते. वर्गात उभं असल्यासारखा तो सांगायला लागला.

"नाही. हा आपला काळा कातळ एकेकाळी पातळ होता, उकळत्या पाकासारखा. त्यात वाफेचे फुगे अडकले. कातळ थंड झाला आणि फुगे तसेच पोकळ राहिले. मग कुठूनतरी पाणी झिरपलं, किती काळ झिरपलं देव जाणे. त्या पाण्यातली गार कडेनं साचत गेली. दाबानं हे होत नाही. दाब असता तर पोकळीच मोडली असती. मोकळी जागा होती म्हणूनच हे असं वाढलं."

"आन् हिरा?" शांतवननं विचारलं. आवाज असा की मागच्यांना ऐकूच गेला नसावा.

"हिरा दाबानंच होतो, ते खरं. पण फार खोल. इथून सोलापूर जेवढं लांब, त्याच्या दुपटीनं खोल. आणि कोळशापासूनही नाही. कोळसा झाडांचा असतो. हिरे बहुतेक झाडांच्याही आधीचे." तो थांबला. "आपल्या कातळात हिरा निघत नाही, शांतवनराव."

वरचा पत्रा उन्हानं कडकडला. कुणी हसलं नाही. शरणबसप्पासुद्धा नाही, आणि तो तर स्वतःच्या सासऱ्याच्या तेराव्याला हसला होता.

तरी लिलाव व्हायचाच होता आणि तो शांतवननंच पुकारायचा. भोपळे गेले, कणसं गेली, अंडी गेली. शेवटी ढेकूळ राहिलं.

"विहिरीचं पहिलं फळ," शांतवन म्हणाला. "कोण सोडवतंय?"

कुणी बोलेना. शरणबसप्पानं दयेनं तोंड उघडलं, पण शेजारच्यानं कोपर मारलं, काय समजून ते त्याचं त्यालाच माहीत. शांतवन कोटाच्या बटणाशी चाळा करत उभा होता. उचलून नेता येत नव्हतं, टाकता येत नव्हतं.

मागून आवाज आला, "माझी कोंबडी घ्या."

सलोमीबाई मधल्या वाटेनं पुढं आली. बांधलेली कोंबडी वेदीपुढं ठेवली, ढेकूळ उचलून पोटाशी धरलं.

"सलोमे, हिरा न्हाय ती."

"ऐकलं मी. पोकळीतलं हाय म्हणून तर पाहिजे मला. पुकारा."

शांतवननं पुकारलं. एक वार, दोन वार, तीन वार. ती दारातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला, आत गेली.

कोंबडीचा परत लिलाव झाला आणि ती मी घेतली. सगळे डोकं खाली घालून बसलेले, कुणी चढवलीच नाही. पण ती बया काही माझ्या घरी रमेना. दिवसभर माझे दाणे खायची आणि सांजच्याला वळून सलोमीबाईच्या आढ्याखाली जाऊन बसायची. मला रोज आणायला जावं लागायचं. म्हणून ह्यापुढचं मला माहीत.

असाच एका सांजेला गेलो. दार उघडं होतं. शांतवन चुलीपुढं बसलेला, अंगात कोट नव्हता. पहिल्यांदा पाहिला त्याला तसा. शरणबसप्पा बरोबर म्हणत होता, आत फारसं कुणी नव्हतंच. ढेकूळ कोनाड्यात ठेवलेलं. सलोमीबाई भाकरी थापत होती. मी बाहेरच थांबलो, कारण तो बोलत होता, आणि कुणी बोलत असताना मधे घुसणं मला जमत नाही.

"मी लई विचार केला," तो म्हणत होता. "दाबलं न्हाय तर न्हाय. पण ती पोकळी? ती बी त्यानंच केली असंल ना? त्याच्याबिगर काय झालंय? कातळ त्याचा, फुगा त्याचा, पाणी त्याचं. पोकळी बी त्याचीच."

सलोमीबाईचा हात थापता थापता थांबला. मला वाटलं, जिंकला गडी. मी तर मनात त्याची पाठ थोपटली.

"व्हय," ती म्हणाली. "त्यानंच केली. मी कवा न्हाय म्हणलं?"

"मग येत्या रविवारी..."

"त्यानंच केली म्हणूनच येत न्हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "दुसऱ्या कुणी केली असती तर त्याच्याकडं रडत आले असते."

 भाकरी फुगली, तिनं ती त्याच्या ताटात घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊ, कोंबडी वळचणीला हाय. न्या."

नेली मी. दुसऱ्या दिवशी परत गेली, तेव्हा आणायला गेलो नाही.

विहिरीला पाणी कधी लागलं नाही. दादामियाँ म्हणायचा, त्या खड्यांनीच पिऊन टाकलं असंल सगळं. मांगवाड्यातल्या घागरी पुन्हा गावच्या विहिरीच्या काठाखाली. शांतवन पुढं पाच-सहा वर्षं जगला. माती द्यायला जायचा, पण कबरीपाशी बोलायचा नाही. कोट घालून उभा राहायचा आणि लोकं वाट बघून दमून घरी जायची. शरणबसप्पानं त्याला सहा दिवसांचं विचारायचं सोडून दिलं. उलट एकदा गुळाचा खडा थेट त्याच्या हातावर ठेवला. शांतवननं तो बघितला आणि तसाच दुकानाच्या फळीवर ठेवून निघून गेला.

रविवारी मात्र तो रूळ वाजवायचा. हातोडी मारायची, समोरच्या दाराकडं बघायचं, परत मारायची. सलोमीबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची आणि ती तांबडी कोंबडी तिच्या सुपाखालचे खडे टिपायची. कुत्री भुंकून दमली की तो आत जायचा. दार लावायचा नाही.